मामांच्या गाठीचा रंग

मागच्या महिन्यात एका मंगळवारी उचगावहून कोल्हापुरात येताना माझ्या मोपेडच्या हुकाला दुधाची किटली होती. किटलीत बर्फ... आणि बर्फात मामांची गाठ.

म्हणजे गाठीचा एक तुकडा. मामांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली होती. तिचा तुकडा मेणात बसवून हॉस्पिटलने आमच्या हातात दिला... दुसऱ्या लॅबमध्ये तो आपणच पोचवायचा असतो. "उन्हात नासंल गं," म्हणत मामींनी किटली काढली.

लॅबमधल्या काकांनी झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, हे कपाटात वर्षानुवर्षं टिकतंय. बर्फ सरबताला न्या की!"

मी हसले. पण मामा चौऱ्याहत्तरचे, त्यात हार्ट कमजोर. केमो झेपेल असं कुणालाच वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, गाठ बाहेर पसरलेली नाही, तेव्हा आधी तिच्यातली चार प्रोटीन्स रंग लावून तपासू, मग केमोचं ठरवू.

आठवड्याने रिपोर्ट आणायला गेले. लॅबच्या मॅडमना फारच गळ घातली, तेव्हा त्यांनी मायक्रोस्कोपमधून बघू दिलं.

आत एक निळा मुलूख होता... तळीच तळी. आणि काठाकाठाने तपकिरी ठिपके, पाण्यावर आलेल्या म्हशींसारखे. इतकं शांत होतं सगळं. हे मामांच्या पोटात होतं, हे मी क्षणभर विसरलेच.

"निळं दिसतंय ती गाठ, तपकिरी ठिपके आसपासच्या चांगल्या पेशी," मॅडम म्हणाल्या. "चारातली दोन प्रोटीन्स गाठीत असती तर तिथेही तपकिरी रंग आला असता. नाही आला. पुढचं तुमचे डॉक्टर सांगतील."

रिपोर्टवर त्या दोन नावांपुढे 'लॉस' लिहिलेलं. हॉस्पिटलपर्यंत मोपेड कुणी चालवली, मला आठवत नाही...

मामा बाकावर बसलेले. आयुष्यभर गुऱ्हाळावर गुळव्या होते... उकळत्या रसाचा रंग बघून गूळ कधी उतरवायचा ते सांगणारे. त्यांनी तेवढंच विचारलं, "काय गं, रंग कसा आलाय?"

"दोन प्रोटीन्सचा रंग आलाच नाही मामा."

ते टोपी काढून हातात फिरवत बसले. मामी भिंतीकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला... आणि चक्क हसले. ही दोन प्रोटीन्स पेशीतल्या चुका दुरुस्त करतात, ती नसली की अशी गाठ होऊ शकते. पण गाठ पसरलेली नसेल तर ती परत येण्याची शक्यता कमी, आणि नेहमीच्या केमोचा तिला फारसा उपयोगही नाही. तेव्हा केमो नको. तपासणीला मात्र वेळेवर यायचं. या वयात हे सहसा घराण्यातून आलेलं नसतं, तरी एक टेस्ट करून खात्री करू.

"म्हंजे रंग न्हाय आला तेच बरं झालं?"

"व्हय की मामा!" डॉक्टर म्हणाले.

मामांनी टोपी घातली आणि माझ्याकडे वळले. "मग तोंड पाडून काय बसलीयास? गूळबी फिकाच चांगला, काळा पडला की बिघडला. एवढी शिकलीस, रंग वाचाय येत न्हाय व्हय?"

किटलीत आता परत दूध असतं. मी मात्र अधूनमधून त्या निळ्या तळ्यांच्या काठी जाऊन बसते... आणि जो रंग आलाच नाही, त्याचे आभार मानते.