पितृपंधरवड्यात गेलेलं आजोबांचं डॉट कॉम

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या दुकानाची वेबसाइट करायची म्हणून आज घटस्थापनेच्या सकाळी सांगलीच्या सायबर कॅफेत गेलो. आजोबांच्या नावाचं डॉट कॉम घ्यायचं होतं. कॅफेवाल्याने नाव टाकून बघितलं आणि म्हणाला, "आवं, हे गेलंय की!"

कुणी घेतलं? माझ्या चुलतभावाने, सुनीलने! साइट उघडली तर त्याचंच नाव, शिवाय फेटा बांधलेल्या आजोबांचा फोटोही झळकतोय.

वाटणीत दुकान आणि आजोबांच्या नावाची पाटी मला आली होती. पण इंटरनेटला वाटणी कुठली कळायला? आधी नोंदवेल त्याचं नाव. मी पितृपंधरवडा म्हणून थांबलो, घटस्थापनेला करू म्हटलं. याने ऐन पंधरवड्यात उरकलं.

फोन केला तर म्हणतो, "पितरांच्या पंधरवड्यात आजोबांचंच नाव घेतलं न्हवं? मग बिघडलं काय गड्या?"

कॅफेवाला सांगतो, हे नाव मुदतीपुरतंच असतं. परत नोंदवायला विसरला की सुटतं. आता खरं सांगा, मुदत संपेल त्या दिवशी अमावस्या असली तरी मी कॅफेच्या दारात जाऊन बसू की नको?