चंपतरावाचा राकेलचा डबा

रझाकार आमच्या गावात कधी आलेच नाहीत. ही गोष्ट गावात मोठ्यानं बोलायची नसते. सतरा सप्टेंबरला, निजामाचं राज्य गेल्याच्या दिवशी, शाळेत भाषणं होतात, त्यांत ते दरवर्षी येतात आणि दरवर्षी थोडे जास्त येतात. मागच्या खेपेला तर घोड्यांवर बसून आले होते. खरं म्हणजे आदिलाबादकडच्या तामसीच्या अलीकडं, नाल्याच्या खोलगटात पडलेल्या ह्या गावाचा पत्ताच त्यांना लागला नाही. किंवा लागला असेल आणि त्यांनी नाक मुरडलं असेल.

आली ती फक्त बयनाबाई, पाटील यशवंतरावांची बहीण. एका सकाळी ती सासरहून एकटीच चालत आली. पायांत काही नव्हतं, मागं कुणी नव्हतं. तिकडं काय झालं ते तिनं तेव्हाही सांगितलं नाही आणि पुढंही नाही. फक्त लांब कुठं मोटार वाजली की ती पिठाच्या हातानं उठायची आणि कपाशीत शिरायची. काही दिवसांत अख्खं गाव तिच्यामागं कपाशीत शिरायला शिकलं. भीती आमची नव्हती. पाटलाच्या बहिणीची होती. आम्ही ती वापरायला घेतली आणि परत करायची विसरलो.

मग मोटारीवर नजर ठेवायला माणूस हवा झाला. पाटलाचा पुतण्या चंपत तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. औत धरता येत नव्हतं, झाडावर मात्र वानरासारखा चढायचा. शिवेवरच्या चिंचेवर राकेलचा रिकामा डबा बांधून त्याच्या हातात दांडकं दिलं. डबा वाजला की गाव रिकामं, असं ठरलं.

पहिल्यांदा डबा वाजला तेव्हा जंगलातल्या ठेकेदाराची लाकडांची लॉरी आली. दुसऱ्यांदा नेरडीगोंड्याकडची, वाट चुकलेली लग्नाची लॉरी. गावात चिटपाखरू नसल्यानं नवरदेवानं बाशिंग बांधलेल्या डोक्यानं स्वतः विहिरीतून पाणी शेंदलं. तिसऱ्यांदा अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात भारताचं लष्कर आलं. सैनिकांनी ओसाड चावडीवर तिरंगा लावला आणि पुढं गेले. गाव परतलं तेव्हा पाटलाला वाटलं, कुणीतरी आपल्याला अडकवायला हा डाव टाकलाय. त्यानं झेंडा उतरवून ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला. पुढं आदिलाबादहून बांगड्या विकायला आलेल्या कासारानं सांगितलं की निजाम संपला. तेव्हा स्वातंत्र्य कोठीतून काढून, भुसकट झटकून, पुन्हा चावडीवर लावण्यात आलं.

ह्यावर गाव बरीच वर्षं हसलं. चंपतही हसला.

हसणं थांबलं ते राज्यांची नवी वाटणी सुरू झाली तेव्हा. गावोगाव कुठले तरी साहेब जीपमधून भाषा विचारत फिरत होते. एके दुपारी चंपत शेळ्यांसाठी चिंचेचा पाला तोडत होता. जुना डबा तिथंच लटकलेला. नाल्याच्या वळणावर जीप वाजली आणि त्याचा हात आपोआप गेला. गाव पळालं. साहेब आले, खुंट्याला बांधलेला एक बैल बघितला आणि गेले. बैलाला मराठी समजत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही.

नंतर कानावर आलं की आपला मुलूख तेलुगू राज्यात राहणार. एका गावाच्या उत्तरानं शीव हलत नसते, हे पाटलालाही कळत होतं. पण दिल्लीला शिव्या देण्यापेक्षा चंपत जवळ होता. चंपतनं गाव घालवलं, असं बायापोरंही म्हणू लागली.

हे नदीपल्याड नागोरावांच्या कानावर गेलं. त्यांच्या देवकाशी चंपतचं लग्न ठरत आलं होतं. बाजारात एकदा देवका त्याच्याकडं बघून हसली होती, आणि तेवढ्यावर त्यानं दोन वर्षं काढली होती. नागोराव पैनगंगेच्या वऱ्हाडकडच्या काठाचे. तिकडं निजाम नव्हता, रझाकार नव्हते. डबा वाजवून गाव दुसऱ्याला देणारा पोट्टा माझ्या लेकीला काय सांभाळील, असं ते चारचौघांत बोलले.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात निरोप आला की साहेब नव्या राज्याची खबर द्यायला येणार आहेत. पाटलानं डबा चिंचेवरून काढून कोठीच्या खोलीत कुलपात टाकला, किल्ली करगोट्याला बांधली. गाव धुतलेल्या कपड्यांत चावडीवर बसलं. नागोराव नेमके त्याच दिवशी बोलणी मोडायला आले होते. त्यांना पाहुणे म्हणून पुढं बसवलं. चंपत भिंतीला टेकून, हात काखेत घालून बसला.

वळणावर जीप वाजली.

आधी पाटलाचा फेटा हलला. मग सतरंजी हलली. मग चावडीवर सतरंजीच उरली. सगळ्यांत पुढं रझाकार संपल्यावर जन्मलेली पोरं होती. त्यांच्यामागं, जोडे टाकून, नागोराव.

साहेबानं हिंदीत विचारलं, गाव कुठं आहे. चंपतनं सांगितलं, कापूस वेचायला गेलंय. बयनाबाईनं तांब्याभर पाणी दिलं. साहेबानं त्या दोघांनाच सांगितलं की आता तुम्ही आंध्र प्रदेशात आहात, पाणी प्याला आणि निघून गेला.

संध्याकाळी गाव एकेक करून परतलं. पाटील सवयीनं गरजला, डबा कुणी वाजवला म्हणून. मग त्याचा हात करगोट्याकडं गेला. किल्ली तिथंच होती.

चंपत नागोरावांकडं वळला. "मामा, तुमच्याकडं तर रझाकार नवते. तुमी काऊन पळाले?"

नागोराव स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघत म्हणाले, "सारे पळाले म्हून."

बयनाबाई पायरीवर बसली होती. मोटारीला सगळ्यांत आधी उठणारी ती, आज जागची हलली नव्हती. पाटलानं विचारलं, अक्का, तू कशी थांबली? त्या विषयावर तिनं तोंड उघडलं ते आयुष्यात तेवढंच.

"चंपतनं डबा वाजवला नाई," ती म्हणाली. "मंग मी काऊन पळू?"

पाटील आत गेला, कुलूप उघडलं आणि डबा आणून चंपतपुढं ठेवला. नागोरावांनी जोडे तेवढे मागितले. बोलणी मोडायचा विषय त्यांनी काढला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात देवका नदी ओलांडून आमच्या गावात आली.

दोन हजार चौदात पुन्हा नवं राज्य झालं. तेव्हा चंपतराव ऐंशीच्या पुढं होते. नातू व्यंकटेश त्यांना हैदराबादेत आपल्या घरी घेऊन गेला. तिथं तळघरात गाडी लावताना तो मागं-पुढं करत, घाम गाळत, गाडीचं तोंड फाटकाकडं करून लावायचा. एकदा चंपतरावांनी विचारलं, हे काऊन?

"निघायले सोपं पडते, आबा."

"कोणापासून?"

व्यंकटेश हसला. तळघरातल्या झाडून साऱ्या गाड्या तशाच, तोंड बाहेर करून उभ्या होत्या. चंपतरावांनी त्या रांगेवरून नजर फिरवली.

"असू दे," ते म्हणाले. "पन डबा कोणापाशी हाय?"