नीरेकाठी ऐकून घेणारे दिलावर मास्तर

भोरच्या एका मराठी शाळेत दिलावर मास्तर गणित शिकवायचे. एकोणीसशे छत्तीस साली, सातवीच्या फायनल परीक्षेच्या आदल्या दिवशी, चिमाजी नावाच्या पोराचे हात थरथरताना त्यांनी पाहिले. "घाबरायला काय झालं? धीट हो," एवढं बोलून ते घरी गेले. सकाळी चिमाजीचं प्रेत विहिरीतून काढावं लागलं. काढणाऱ्यांत मास्तरही होते.

तेव्हापासून परीक्षेच्या धास्तीनं ज्याला अन्न जात नसे, त्या पोराला शाळा सुटल्यावर ते नीरेकाठी नेत. पुस्तक न्यायचं नाही. करंजाच्या सावलीत बसायचं, पाण्यात पाय सोडायचे, पोर बोललं तर ऐकायचं. "मास्तर पोरांना उनाड करतोय," अशी कुजबुज गावात सुरू झाली.

पुढच्या वर्षी आंबवड्याचा कुंडलिक असाच खंगला. गणिताचा तास आला की त्याला ओकारी यायची. बरेच दिवस तो नदीत नुसते खडे मारत बसे. मास्तरांनी खोदून विचारलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "मास्तर, आई म्हनती, तू नापास झालास तर म्या जीव दीन."

रविवारी मास्तर पायीच आंबवड्याला गेले. कुंडलिकची आई बनाबाई बांधावर गवत कापत होती. पोर काय बोललं ते मास्तरांनी तिला सांगितलं.

"त्यानं अब्यास करावा म्हनून बोलते वो," ती म्हणाली. "ह्याचा बाप दरडीखाली गेला. ह्यो बी डोंगरातच मरावा व्हय?"

"बाई, मी एक पोर विहिरीतनं काढलंय. ते भिऊन गेलं, आणि त्याची भीती कुणी विचारली नाही. मीही नाही."

बनाबाईनं विळा खाली ठेवला.

कुंडलिक परीक्षेला बसला आणि नापास झाला. मास्तरांनी त्याचा हात सोडला नाही. थांबत, बसत, त्याला रडू देत त्यांनी घरापर्यंत नेलं.

बनाबाईला त्याच्या तोंडावरूनच कळलं. तिनं चुलीकडं तोंड फिरवलं. मास्तरांना तिचं 'जीव दीन' आठवलं, ते दारातच थांबले. मग ती म्हणाली, "भाकर हाय. बसा दोगंबी."

कुंडलिक शाळेत परत आला नाही. रान कसू लागला. तो नापास झाल्यावर शाळेनं मास्तरांना पोरं नदीवर न्यायची मनाई केली. ते पोरांना आपल्या परसात, शेवग्याखाली बसवू लागले. पण येणारी पोरं कमी झाली, आईबापच पाठवेनात.