खळ दिलेला किल्ट

बबनराव लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात एकवीस वर्षं इस्त्री करतायत, आणि माणसांविषयीचं त्यांचं मत कपड्यांवरून बनलंय. म्हणजे फारसं बरं नाही. त्यात भाड्याचे किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे निऱ्यांचे लोकरी घागरे, तर लग्नाहून परततात ते ग्रेव्ही, बिअर आणि घाम घेऊनच. आत काही न घालायची रीत ज्यानं काढली त्याला एक शिवी हासडायची, मग हातमोजे चढवायचे, हा त्यांचा क्रम.

मंगळवारी लताबाई आल्या, इल्फर्डच्या डॉक्टर शशिधरांच्या पत्नी. त्यांनी पिशवीतून किल्ट काढला, तसा नासक्या पेजेसारखा भपकारा सुटला.

"ह्याला काय केलंत वहिनी?"

"निऱ्या बसत नव्हत्या हो. थोडी खळ दिली, साबुदाण्याची."

"लोकरीला?"

"ह्यांच्या धोतराला देते तशीच. मग घडी करून कपाटात ठेवला."

किल्ट होता होणाऱ्या जावयाच्या आजोबांचा. आजोबा गेलेले. "आमच्या शाल्मलीच्या होणाऱ्या सासूबाईंनी विश्वासानं दिला. इस्त्री मी करते, असं मीच पुढे होऊन म्हटलं. शनिवारी लग्न. कुठल्या तोंडानं उभी राहू?"

बबनरावांनी एक निरी उलगडली. आत हिरवट बुरशी, आणि तिच्यातून एक चंदेरी कसर निघून त्यांच्या अंगठ्यावर चढली. त्यांनी ती झटकली आणि अंगठा तीनदा धुतला.

"ठेवून जा," ते म्हणाले. "आणि घरची इस्त्री कुणाला तरी देऊन टाका."

खळ ड्रायक्लीनिंगच्या यंत्रात निघत नाही, तिला पाणीच लागतं. आधी ब्रशनं खरवडली, मग कोमट पाण्याच्या फडक्यानं टिपली. पाण्याला पिठल्याचा रंग आला. नाकाला रुमाल बांधून त्यांनी सत्तावीस निऱ्या जुन्या मोडीवर बसवल्या, एकेकीला धावदोरा घातला, ओलं कापड टाकून इस्त्री नुसती दाबली, घासली नाही. थंड झाल्यावर दोरे काढले.

शुक्रवारी लताबाईंनी निऱ्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. लगेच पर्समधून अत्तराची कुपी निघाली.

"वहिनी," बबनराव म्हणाले, "ती आधी आत ठेवा."

रविवारी फोटो आला. जावई पाठमोरा, निऱ्या सुरीच्या धारेसारख्या, शाल्मलीच्या सासूबाईंचा हात लताबाईंच्या खांद्यावर. बबनरावांनी जरा कौतुकानं फोटो मोठा केला. तिसऱ्या निरीवर आमरसाचा ओघळ होता, चांगला वीतभर, आणि त्यावर कुणीतरी नॅपकिन घासलेला.

त्यांनी फोन पालथा ठेवला आणि हातमोज्यांची नवी जोडी काढून ठेवली.