शर्टाचा वास

मासवणजवळच्या पाड्यावर लाडकीच्या हाती कुणाचं मनगट लागलं, की ते लवकर सुटत नसे. कुणाला घेरी आली, कुणाचं पोर आंब्यावरून पडलं, की बाई हजर. आधी आजूबाजूला नजर टाकणार, मग नावानं हाक मारणार, खांदा थोपटणार, छाती वरखाली होतेय का ते बघणार आणि मग डोक्यापासून चाचपत पायापर्यंत येणार. बाया तिची टिंगल करत, "लाडकीताय पावण्याला रामराम नाय करत, आदी नाडी बगते!" लाडकी लटकं रागवायची, पण आतून सुखावायची. बोईसरच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. तिथं प्रथमोपचार शिकवलेल्या मोजक्या बायकांत तिचा नंबर लागला होता आणि छातीवरचा हिरवा बिल्ला ती घरी पोचेपर्यंत काढत नसे.

शिकवायला पालघरहून एक डॉक्टरीणबाई यायच्या. रबरी बाहुला जमिनीवर निजवायच्या आणि सगळ्यांकडून घोकून घ्यायच्या. "समोर कोण पडलंय ते नंतर. आधी त्याला काय झालंय ते बघा," हे त्यांचं पालुपद. लाडकीला वाटे, एवढं काय त्यात सांगायचं? बाहुल्याला ना नाव ना गाव. त्याच्यावर कुणाचा राग असणार?

जिवल्यावर मात्र तिचा राग होता, आणि तो साधासुधा नव्हता.

जिवल्या तिचा धाकटा भाऊ. आईमागं तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. ताडावर चढण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता आणि खरं सांगायचं तर ताडी पिण्यातही नव्हता. मडकं उतरवलं की पहिला पेला काढणाऱ्याचा, अशी तिकडची रीत. जिवल्याचा पहिला पेला संपता संपत नसे. दुपारी ताडाखाली आडवा झालेला जिवल्या बघून शेळ्यासुद्धा बिचकत नसत. पण लाडकीच्या लेकीच्या साखरपुड्यात तो मांडवातच कोसळला आणि नव्या सोयऱ्यांसमोर तिची मान खाली गेली. त्या दिवशी ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "यापुडं मेलास तरी तुला हात नाय लावायची."

त्यानंतर जिवल्यानं पिणं सोडलं, असं त्याची बायको सपना सांगे. पहिला पेला तो ताडाच्या बुंध्याशी ओततो म्हणे. लाडकी ऐकून घ्यायची आणि नाक मुरडायची. असली सोडचिठ्ठी तिनं पुष्कळदा पाहिली होती.

उन्हाळ्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी ती सुकट घेऊन भावाकडे गेली, तेव्हा ओटीवर माणसं जमलेली. जिवल्या ताडाखाली पडलेला सापडला होता, शेजारी मडक्याच्या खापऱ्या. चौघांनी त्याला हातापायांना धरून उचलून आणलं होतं आणि खाटेवर टाकलं होतं. दारातच ताडीचा आंबूस भपकारा आला आणि लाडकीचं डोकं भडकलं.

"ताय, जरा बग ना याला," सपना म्हणाली.

"काय बगायचं? वास येत नाय तुला?"

जिवल्यानं डोळे किलकिले केले. ओठ हलले, काहीतरी पुटपुटला.

"गप पड," लाडकी म्हणाली. "उतरली की बोल."

बघणारे हसले. लाडकीताय कंपनीत शिकलेली, तिनंच सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. जो तो आपल्या वाटेनं गेला. सपनानं मुकाट्यानं लिंबू पिळून आणलं. लाडकी आत चुलीशी सुकट निवडत बसली आणि निवडता निवडता भावाच्या नावानं बोटं मोडत राहिली. बाहेर जिवल्याचं पुटपुटणं चालूच होतं. मग ते हळूहळू कमी झालं. लाडकीला वाटलं, बरं झालं, झोपला.

सपनाची किंकाळी ऐकून ती धावली. जिवल्याला ओकारी झाली होती आणि ती त्याच्या घशात गुरगुरत होती. लाडकीनं विचार केला नाही, तिच्या हातांनी केला. एक हात मानेखाली, एक कमरेला, सपनाला पायाशी घेऊन तिनं त्याला अखंड कुशीवर वळवलं, बोटानं तोंड साफ केलं आणि श्वास लागतोय का ते बघायला गाल त्याच्या तोंडाशी नेला.

श्वास होता. त्याला लिंबाचा वास होता, ओकारीचा होता, लसणीचा होता. ताडीचा नव्हता.

तिनं पुन्हा हुंगलं. मग त्याच्या शर्टाला नाक लावलं. वास तिथं होता. छातीवरचा कपडा चिकट, ओलसर, आंबलेला. मडकं पिऊन फुटलं नव्हतं, अंगावर फुटलं होतं. भाऊ ताडावरून मडक्यासकट खाली आला होता.

आता लाडकी ते सगळं करू लागली, जे दारात पाऊल टाकताच करायला हवं होतं. "जिवल्या, ए जिवल्या!" पापणी जेमतेम हलली. कानामागं बोटं नेली तर केसांत मोठं टेंगूळ. डोळे उघडून बघितले तर डाव्या डोळ्याची बाहुली मोठी, उजवीची लहान. "माझा हात दाब रे." डाव्या हातानं किंचित दाबलं. उजवा हात तिच्या तळव्यावर नुसता पडून राहिला. तळपायाला नख लावलं. डावा पाय आखडला, उजवा नाही.

"मगापासून हा काय बोलत व्हता?" तिनं विचारलं.

सपना रडत म्हणाली, "तू आल्यापासून एकच. 'ताय, मी नाय घेतली.'"

लाडकीला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. डोकं फुटलेला माणूस दुखतंय म्हणाला नव्हता. बोलायची ताकद होती तेवढी त्यानं तिची समजूत घालण्यात घालवली होती.

पण रडायला वेळ नव्हता. शेजारच्या कमलेशची इको गाडी होती. मागची सीट काढली, घराचं दार बिजागरीवरून उतरवून त्यावर जिवल्याला घेतला, मानेच्या दोन्ही बाजूंना लुगड्याच्या गुंडाळ्या लावल्या. पालघरपर्यंत लाडकी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसून होती. प्रत्येक खड्ड्याला ती कमलेशवर ओरडत होती आणि शिव्या स्वतःला घालत होती.

"असा कधीपासून आहे?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. कोण तपासायला येणार होतं?

"दुपारपासून," लाडकी म्हणाली. "मी घरातच होते. मला वाटलं, प्यालाय."

मुंबईला हलवायची धावपळ सुरू झाली. डोक्याचं ऑपरेशन झालं आणि जिवल्या वाचला. उजवा हात आणि उजवा पाय मात्र पूर्वीसारखे झाले नाहीत. ताड आता तो ओटीवर बसून बघतो.

लाडकी दर सुट्टीला त्याच्याकडे जाते. पाड्यावर अजूनही तिला बोलावतात आणि ती जाते, पण हल्ली हिरवा बिल्ला बोईसरच्या गेटमधून बाहेर पडतानाच काढून ठेवते. जिवल्यानं तिला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दोष दिला असता तर तिला बरं वाटलं असतं. फक्त ती ओटीवर चढली, की तो खाटेवरच डाव्या कुशीला वळतो, आ वासतो आणि तिच्या तोंडावर एक लांब श्वास सोडतो.

"आदी हुंग, ताय," तो हसून म्हणतो. "मंग बस."