वाचनालयाची शिडी

सगळे त्याला ‘पक्का’ म्हणायचे, कारण काम हातावेगळं करताना तो हमखास म्हणायचा, “पक्कं झालंय, डोळे मिटून वापरा.” असा तो सुतार. वाचनालयासाठी शिडी केली, तेव्हा एका पायरीच्या लाकडात गाठ निघाली. ती पायरी बदलायचा त्याला कंटाळा आला. वरून पॉलिश मारलं आणि शिडी पोचती केली.

नेमकी तीच पायरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या पायाखाली मोडली. त्यांचं उजवं मनगट असं काही मोडलं की हातातून कात्रीच सुटली, कायमची. त्यांनी सुतारावर भरपाईचा दावा लावला.

“शिडी मी वाचनालयाला विकली. या बाई माझ्या कोण लागतात?” सुतार आपल्या वकील भाचीवर उखडला.

“कुणी लागत नाहीत, मामा. पण शिडीवर कुणीतरी चढणार, हे ठाऊक होतं ना? मग त्या माणसाची काळजी घेणं तुमच्यावरच होतं.”

“मी काय मुद्दाम केलं?”

“मुद्दाम केलं असतं तर पोलीस आले असते. हा दिवाणी दावा आहे. एकाच्या हलगर्जीपणाचं नुकसान दुसऱ्यानं एकट्यानं सोसू नये, एवढ्यासाठी. लाकडात काही खोट होती का?”

“छे!” तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

कोर्टात त्यानं ठोकून दिलं, “बाई उंच टाचांच्या चपला घालून चढल्या असतील.”

न्यायाधीशांनी बाईंना विचारलं.

“हो, घातल्या होत्या. काढायला हव्या होत्या,” त्या सरळ म्हणाल्या.

नाही म्हणाल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं. सुताराला स्वतःचीच लाज वाटली. भाची खुशीत कागद चाळत होती, तोच तो उभा राहिला.

“साहेब, गाठ मला दिसली होती. मीच ती झाकली.”

चपलांपायी न्यायाधीशांनी थोडी रक्कम वजा केली, बाकीची सुतारानं भरली. आपल्यालाही खोटं सांगितलं म्हणून भाचीनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

पुढे एकदा तो बाईंच्या दुकानात गेला. त्या डाव्या हातानं कापडावर खडूची रेघ मारत होत्या. रेघ वाकडी जात होती.

“काय हवंय?”

आला होता तो माफी मागायला. “बटण... बटण लावायचं होतं,” तो शर्टाला हात लावत म्हणाला.

बाईंनी नीट पाहिलं. “सगळी जागच्या जागी आहेत.”

“हो,” तो म्हणाला, आणि मान खाली घालून बाहेर पडला.