एका पुंजक्यातली अंडी

माझ्या जावेच्या नातीच्या हृदयाला भोक असल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या आठवड्यात मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बेडकाचा गर्भ शिकवत होते. यात योगायोग काही नाही. जुलैत कातळाच्या सड्यावर डबकी भरलेली असतात आणि अंडी हवी तेवढी मिळतात, म्हणून तो भाग मी दरवर्षी जुलैतच घ्यायचे.

जाऊ शेजारच्याच घरात राहायची, मधे फक्त दगडांचा गडगा. मुलगा मुंबईला कंपनीत, आणि सून आठ महिन्यांच्या पोरीसह रत्नागिरीत सासूजवळ. पोर दूध ओढताना दमायची, कपाळाला घाम सुटायचा आणि वजन धरत नव्हती. डॉक्टरांनी येत्या बुधवारी ऑपरेशन ठरवलं होतं. सोमवारी भरती व्हायचं होतं. फार थांबलात तर फुप्फुसावर ताण येईल, असंही बजावलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी जाऊ गडग्याशी आली आणि म्हणाली, "रविवारी सकाळच्या एसटीने हिला खेडला पोचवत्ये. पोरीला घेऊन माहेरी बसू दे. ज्यांनी वळण लावलं नाही त्यांनीच निस्तरावं."

"आणि सोमवारचं काय?"

"ते त्यांचं ते बघतील."

माहेरचे बघणार नाहीत, हे तिलाही माहीत होतं. वडील अंथरुणाला खिळलेले आणि भाऊ आखातात. मुलगा शनिवारी यायचा होता, पण आई म्हणेल त्यापलीकडे तो कधी गेला नव्हता.

तिच्या रागाचं कारण असं. आदल्या ऑगस्टमध्ये ग्रहण होतं, तेव्हा सुनेला सहावा महिना. आमच्याकडे पोटुशी बाई ग्रहण पाळते: आतल्या खोलीत बसायचं, काही कापायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. सून बसली होती. पण दुधाची पिशवी गळायला लागली म्हणून उठली, कात्रीने तिचा कोपरा कापला आणि दूध पातेल्यात ओतून परत जाऊन बसली. जावेने ते पाहिलं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पोटात ठेवलं, आणि डॉक्टरांनी भोक म्हटल्याबरोबर बाहेर काढलं. कापलं म्हणून भोक पडलं, इतका सरळ हिशेब.

मला चीड आली. चिडले की मी शिकवायला लागते, ही माझी खोड आहे. मी तिथेच गडग्याशी उभी राहून सांगितलं, "वहिनी, हृदय तयार होतं ते पहिल्या दोन महिन्यांत. ग्रहणाच्या दिवशी पोरीचं हृदय केव्हाच होऊन बसलं होतं. त्याला भोक पडायचं ते त्याआधीच पडलं. कात्रीचा काही संबंध नाही."

"मग कशानं पडलं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पुण्याच्या एका उजळणी वर्गात पाहिलेल्या स्लाइड माझ्या डोक्यात होत्या. बेडकाच्या गर्भात, अजून धड डोकंही दिसत नसतं तेव्हा, पुढच्या भागात डावी-उजवीकडे पेशींचे दोन पट्टे असतात. त्या पेशींत ठरावीक जनुकं जागी होतात आणि त्यांना हृदय व्हायला सांगतात. मग दोन्ही पट्टे मध्यावर येऊन जुळतात, त्यांची एक नळी होते, नळी वळते आणि ठोके सुरू होतात. काचेच्या बारीक सुईने अंड्यात असं काही टोचतात की त्या जनुकांचं काम बंद पडावं. मग बाकी पिल्लू तयार होतं, हृदय होत नाही. ते मी तिला चार वाक्यांत सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "सगळा जनुकांचा कारभार आहे."

जाऊ सातवीपर्यंत शिकलेली, पण बुद्धीने माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा तल्लख. तिने लगेच विचारलं, "जनुकं म्हंजे रक्तातलंच ना गो? आईबापाकडनं येतं ते?"

"हो, पण—"

"हिची एक मावशी सहाव्या वर्षी गेली. श्वास लागायचा तिला. लग्नात कुणी सांगितलं नाही, मागाहून कळलं." तिचा चेहरा अगदी शांत झाला. "ग्रहणाची शांती तरी करता येते. रक्ताला काय करणार? बरं झालं सांगितलंस."

ती आत गेली. मागच्या दारात सून पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला म्हणाली, "काकी, काल मी नुसती चुकले होते. आज वाईट घरातली झाले." आवाज चढवला नाही. 

शुक्रवारी मी प्रॅक्टिकल घेत होते, पण लक्ष नव्हतं. दोन दिवसांनी माहेरी जाणाऱ्या बाईला मी खरं सांगून कायमचंच घराबाहेर काढलं होतं. बरं, सांगितलेलं मागे घ्यावं तर ते खोटं नव्हतं. काही घरांत हे दोष खरंच रक्तातून येतात. नाही येत असं छातीठोक सांगितलं असतं तर जावेने माझे डोळे बघून ओळखलं असतं.

बुधवारी पहाटे सड्यावरून अंड्यांचा एक पुंजका आणला होता. मुद्दाम एकच, कडेच्या डबक्यातला. एका जोडीची अंडी वेगळी ठेवायची माझी पद्धत होती. आता पिल्लं बाहेर पडली होती. बोटाच्या पेरावर चार मावतील एवढी, कातडी इतकी पातळ की भिंगाखाली आतला ठोका दिसतो. मुलं ठोके मोजत होती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे फुगलंय." मी पाहिलं. छातीपाशी पाणी साठलेलं, आत हृदय होतं पण वळलं नव्हतं, दोऱ्यासारखं सरळच राहून थरथरत होतं. मी सगळी बशी तपासली. तशी चार निघाली. दरवर्षी निघतात, आणि मी दरवर्षी ती पिपेटने उचलून टाकून देते, कारण मुलांना चांगली दाखवायची असतात. यंदा बशीतच ठेवली.

शनिवारी सकाळी मी विच्छेदनाचा मायक्रोस्कोप मांडीवर आणि बशीचा डबा पायात धरून रिक्षाने घरी आले. लॅब असिस्टंटच्या कपाळावरच्या आठ्या पाठीवर घेऊनच निघाले होते. जावेच्या ओटीवर, खिडकीच्या उजेडात, मायक्रोस्कोप मांडला.

"शी! बेडकं घरात आणलीस? मास्तरीणबाई, हात धू आधी."

"धुते. तुम्ही इथे डोळा लावून बघा."

"मला काय दाखवत्येस? मी काय परीक्षेला बसत्ये?"

"तांदळातला खडा तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतो. हे दिसतंय का ते सांगा."

ती वाकली.  मग स्वतःहून बशी थोडी सरकवली. "हलतंय," म्हणाली. "ते लाल लाल त्याचं हृदय?" आणि थोड्या वेळाने, "हा एक फुगलाय. ह्याचं धड हलत नाही. हा दुसरा. हा पण." चारही तिने मी न दाखवता वेचली.

"सगळ्यांचे आईबाप एकच?" मान वर न करता तिने विचारलं.

"एकच. एका रात्रीत घातलेली अंडी."

"पाणी?"

"एकाच डबक्यातलं."

"मग ह्या चौघांना काय धाड भरली?"

"माहीत नाही."

तिने मान वर केली. "तुला माहीत नाही?"

"मला नाही, पुण्यातल्या माझ्या सरांनाही नाही. जनुकं कामाला लावताना कुठेतरी काहीतरी चुकतं. कधी ते रक्तातून आलेलं असतं, कधी आपलंआपण होतं. बहुतेक वेळा कळतच नाही. त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. आणि रक्तातलं असलं, तरी ते एकट्या आईचं नसतं. अर्धं बापाकडनं येतं."

"बापाकडनं पण?"

"अर्धं."

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. जावेला ती दिसत होती. मला वाटलं, आता ही उठेल, बशी अंगणात ओतेल आणि मला घरी जायला सांगेल. तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या ह्या मुलाच्या आधी मला एक झाला होता. तुझं लग्न नंतरचं, तुला ठाऊक नाही. रडला की निळा पडायचा. चार महिने होता."

मी वीस वर्षं त्या घरात ये-जा करत होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"डॉक्टरांना दाखवला होता?"

"कुठला डॉक्टर तेव्हा. सासूबाई म्हणाल्या, हिने बाळंतपणात थंड खाल्लं."

मला सांत्वन करता येत नाही आणि तिला ते करून घेता येत नाही. मी म्हटलं, "वहिनी, हे डॉक्टरांना सांगावं लागेल. ऑपरेशनच्या आधी. घरात आधी कुणाला काय झालं, हे त्यांना लागतं. मला नीट सांगता यायचं नाही. निळा कधी पडायचा, अंग सुजायचं का, हे तुम्हालाच माहीत."

"म्हंजे मी यायचं?"

"दुसरं कोण सांगणार?"

तिने चष्म्याचं घर शोधलं, पदर सारखा केला आणि सुनेकडे वळली. "बघत काय उभी राहिलीस? पोरीची लंगोटं वाळली का बघ. सोमवारला पुरतील एवढी घे." मग मला म्हणाली, "हे तुझं बेडकांचं बिऱ्हाड उचल आधी. इथे जेवायला बसायचंय."

दुपारी मुलगा आला. रविवारी सकाळी तो खेडची एसटी केव्हा आहे ते विचारायला लागला, तेव्हा त्याच्या आईने सांगितलं, "रेल्वेनं जायचंय. मुंबईला. रिक्षा बोलाव." का, कसं, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी कॉलेजात तीन दिवसांची रजा टाकून बरोबर गेले. गाडीत सून पोरीला घेऊन एका बाकावर आणि जाऊ समोरच्या बाकावर.  पोर झोपली होती, आणि दर थोड्या वेळाने दोघींपैकी एकजण तिच्या छातीकडे बघायची.

सोमवारी हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर फॉर्म भरायला बसला. पोरीचं वजन, जन्म, दूध किती पिते. मग पेन न थांबवता त्याने सुनेला विचारलं, "आईच्या बाजूला कुणाला हृदयाचा त्रास? लहानपणी कुणी गेलं?"

सून पोरीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तिचा हात थांबला. "माझी एक मावशी..."

"आधी माझं लिहा," जाऊ म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "मुलाच्या बाजूचं."

डॉक्टरने कागद उलटवला. ती सांगत गेली: केव्हा निळा पडायचा, किती वेळाने परत रंग यायचा, शेवटच्या आठवड्यात पाय कसे सुजले होते. पस्तीस वर्षांपूर्वीचं, पण तिला सगळं आठवत होतं. त्याने दोनदा थांबवून नीट विचारून घेतलं. तिचं संपल्यावर ती सुनेला म्हणाली, "आता मावशीचं सांग. नीट सांग, काही गाळू नको."

बुधवारी ठरल्या वेळी पोरीला आत नेलं. जाऊ दारापर्यंत गेली. डॉक्टरांनी ते भोक बुजवलं.